परसातल्या आंब्या-बोरीचं दुखणं: ओळख आधी, औषध नंतर

कोयीची फळं म्हटली की मोबाइलवर पीच, प्लम, जर्दाळू यांचीच माहिती समोर येते. ती झाडं हिमाचल-काश्मीरची. हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी मिळाली तरच ती नीट फुलतात, आणि तेवढी थंडी परभणी-लातुरात पडत नाही. रोपवाटिकेतून हौसेनं आणलेलं पीचचं रोप इथं वाढतं, पानं काढतं, पण फळाच्या नावानं बोंब. मराठवाड्यातल्या अंगणातली कोयीची मुख्य झाडं दोन: आंबा आणि बोर. त्यांचे रोग वेगळे, रोगांच्या वेळा वेगळ्या आणि औषधंही वेगळी. म्हणून तिकडच्या झाडांचं वेळापत्रक इथं लावू नका.

घरी एखाददुसरं झाड आहे, फवारणी कधी केलेली नाही, आणि यंदा पानं काळी पडलीत किंवा मोहोर गळतोय, अशांसाठी हा लेख आहे. दुकानात जाऊन “झाड वाळतंय, काहीतरी द्या” म्हटलं की तीन बाटल्या हातात पडतात आणि त्यातल्या दोन बहुतेक वेळा नको असतात. तेव्हा दुकानाआधी झाडाखाली जा.

झाडाखाली दहा मिनिटं

सकाळी ऊन चढायच्या आत जा. सोबत एक पांढरा कागद, साधं भिंग आणि धारदार चाकू घ्या. आधी लांबून पाहा: त्रास सगळ्या झाडाला आहे की एकाच फांदीला? एकच फांदी वाळत असेल तर रोग त्या फांदीत किंवा तिच्या बुडाशी आहे, तिथं सगळ्या झाडावर फवारून काही साधत नाही. सगळं झाड एकदम मलूल झालं असेल तर नजर खाली न्या, म्हणजे मुळं, पाणी, माती.

मग पानं. कोवळी पानं खराब आहेत की जुनी? हा प्रश्न साधा वाटतो, पण निम्मं निदान इथंच होतं. बुरशीचे बरेच रोग आणि लोहाची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते. क्षारांनी जळणं जुन्या पानांवर दिसतं.

डाग कसा आहे तेही बघा. करपा या बुरशीच्या रोगाचे डाग पानावर कुठंही पडतात, वेडेवाकडे, काळपट-तपकिरी. पुढे ते एकमेकांत मिसळतात आणि पानाला भोकं पडतात. उलट पानाचं टोक आणि कडा एकसारख्या भाजल्यासारख्या झाल्या असतील आणि मधला भाग हिरवा असेल, तर तो रोग नाही. ते बोअरच्या खारट पाण्याचं काम आहे. उन्हाळ्यात बोअर खोल गेला की पाण्यातले क्षार वाढतात, आणि आंबा क्षार सोसणारं झाड नाही. यावर कुठलंही बुरशीनाशक मारा, पानं तशीच राहणार.

पांढरं काही दिसलं तर बोटानं पुसा. पिठासारखं सहज निघून बोटाला लागलं तर भुरी, म्हणजे बुरशी. कापसासारखा पुंजका दिसला, दाबल्यावर आतून ओला रस निघाला तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे कीड. काळं काही दिसलं तरी पुसा. काजळीसारखा थर निघून खाली हिरवं पान दिसलं तर ती कोळशी, म्हणजे काळी बुरशी. ती पानाच्या आत शिरत नाही, किडीनं टाकलेल्या चिकट्यावर वाढते. डाग पुसला जात नसेल तर तो पानातच आहे, म्हणजे करपा.

मोहोर असेल तर त्याखाली पांढरा कागद धरा आणि मोहोराला हलकी टिचकी मारा. पाचरीच्या आकाराचे, करड्या रंगाचे बारीक किडे तिरके चालत उडी मारू लागले तर ते तुडतुडे. झाडाखाली उभी केलेली मोटारसायकल चिकट होते का, हेही पाहा. तो चिकटा बहुतेक तुडतुड्यांचा.

शेवटी खोड. जमिनीपासून पहिल्या फांद्यांपर्यंत हात फिरवा. डिंक, भोकं, लाकडाचा भुसा, मातीच्या नळ्या, सालीवर जाळं यातलं काय सापडतं ते टिपून ठेवा. कागदावर लिहून, फोटो काढून मगच दुकान गाठा.

धुई, मोहोर आणि भुरी

“धुई पडली आणि मोहोर जळाला” हे गावोगाव ऐकू येतं. धुक्यानं मोहोर आपोआप जळत नाही. ढगाळ हवा, थंड रात्री आणि सकाळचा दमटपणा भुरीला आणि करप्याला मानवतो, तुडतुडेही त्याच दिवसांत वाढतात. धुई हे निमित्त, मारेकरी हे तिघं. म्हणूनच ज्यानं धुईच्या आधी फवारलं त्याचा मोहोर टिकतो आणि शेजाऱ्याचा जातो.

भुरी मोहोराच्या देठांवर, कळ्यांवर आणि बारीक फळांवर पांढरी भुकटी होऊन पसरते. कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूलाही येते. फुलं तपकिरी होऊन वाळतात, मोहरीएवढी-वाटाण्याएवढी फळं गळून जमीन भरते. इकडे मोहोर साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीपर्यंत येतो, आणि भुरीचा जोरही त्याच काळात असतो. तिला पावसाची गरज नाही. कोरड्या हवेतही ती पसरते, म्हणून “पाऊसच नाही, बुरशी कुठून येणार” या भ्रमात राहू नका.

पहिली फवारणी मोहोर बोटभर बाहेर आल्यावर, फुलं उमलायच्या आधी करायची. पाण्यात मिसळणारं गंधक (80 टक्के), 10 लिटर पाण्याला 20 ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात कालवून पातळ करा आणि मग बादलीत ओता. थेट ओतलं तर गुठळ्या होतात आणि नोझल तुंबतं. दुसरी फवारणी 12 ते 15 दिवसांनी, हेक्झाकोनॅझोल (5 टक्के) 10 लिटरला 5 मिली. फळं वाटाण्याएवढी झाल्यावरही भुरी दिसली तरच तिसरी. बाटलीवर आंब्यासाठी वेगळं प्रमाण छापलेलं असेल तर बाटलीवरचं खरं धरा. हेक्झाकोनॅझोल सलग तीन-चार वेळा मारू नका, बुरशी त्याला सरावते. गंधकाला सरावत नाही, म्हणून ते जुनं असूनही कामाचं.

गंधकाचं एक पथ्य आहे. दुपारचं तापमान 35 अंशांच्या वर जात असेल तर ते पानं आणि फुलं भाजतं. मराठवाड्यात महाशिवरात्र उलटली की ऊन तापतं, तेव्हा गंधक बाजूला ठेवा. निंबोळी तेल किंवा दुसरं कुठलं तेल फवारलं असेल तर त्यानंतर दोन आठवडे गंधक नको.

तुडतुड्यांचा बंदोबस्त याच वेळी करायचा, पण मोजून. टिचकी मारल्यावर एका मोहोरात पाचाहून जास्त किडे दिसले तरच रासायनिक औषधाचा विचार करा. त्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क. वाळवलेल्या निंबोळ्या 500 ग्रॅम कुटून पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, 20 ग्रॅम धुण्याचा साबण विरघळवून टाका आणि पाणी घालून 10 लिटर करा. त्याच दिवशी वापरा. निंबोळ्या जून-जुलैत गोळा करून सावलीत वाळवून ठेवल्या तरच त्या जानेवारीत हाताशी असतात, हे लक्षात ठेवा. कडुनिंब दारात असताना बाटली विकत आणणं म्हणजे काखेत कळसा. निंबोळीनं भागलं नाही तर इमिडाक्लोप्रिड (17.8 टक्के) 10 लिटरला 3 मिली, तेही फक्त फुलं उमलायच्या आधी. मोहोर पूर्ण फुलला की कुठलंही कीटकनाशक नको. आंब्याचं परागीकरण माश्या आणि मधमाश्या करतात. त्या मेल्या तर निरोगी मोहोरालाही फळ धरत नाही.

कोळशी आली असेल तर तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण आटोक्यात आणल्यावर ती वाढायची थांबते. जुना थर काढायला मैद्याची किंवा भाताच्या पेजेची पातळ खळ फवारतात: 1 किलो मैदा 5 लिटर पाण्यात शिजवा, थंड करून 20 लिटर करा. उन्हात खळ वाळून पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर काजळी निघते. फुलात असताना ही फवारणी करू नये. खरं तर पावसाळ्यात ती आपोआप धुऊन जाते, तेव्हा फारच जाड थर नसेल तर हा खटाटोप न केलेलाच बरा.

मोहोर फुलकोबीसारखा गच्च गुच्छ होऊन हिरवाच राहिला, त्याला फळ धरलं नाही, तर ती मोहोराची विकृती. औषध मारत बसू नका. गुच्छाच्या खाली वीतभर फांदीसकट कापून जाळा.

करपा

करप्याला पाणी लागतं. पावसाळ्यात आलेल्या तांबूस कोवळ्या पालवीवर, फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीनंतर मोहोरावर आणि पुढे फळांवर तो येतो. मोहोराच्या देठांवर काळे ठिपके पडतात, वाढत जातात आणि मोहोर काळा पडून वाळतो. पांढरी भुकटी नसते, हा भुरीतला आणि करप्यातला फरक.

फळावरचा करपा फसवा असतो. बुरशी हिरव्या कैरीत शिरते आणि गप्प बसते. कैरी डागविरहित दिसते, अढीत घातली की चार दिवसांत काळे खोलगट डाग उमटतात. बरेच जण अढीला किंवा पेंढ्याला दोष देतात. चूक दोन महिन्यांपूर्वीची असते. उतरवलेल्या कैऱ्या 52 अंश तापमानाच्या पाण्यात 5 ते 10 मिनिटं बुडवून, पुसून, सावलीत वाळवून अढी घातली तर हा डाग बराच कमी होतो. मात्र थर्मामीटर हवाच. हाताच्या अंदाजानं घेतलेलं पाणी एक तर कोमट असतं किंवा साल शिजवतं.

झाडावर उपाय असा: पावसाळ्यातल्या पालवीवर डाग दिसताच कॉपर ऑक्सिक्लोराइड (50 टक्के) 10 लिटरला 25 ते 30 ग्रॅम, 15 दिवसांनी पुन्हा. मोहोरावर तांब्याची औषधं नकोत, फुलं भाजतात. तिथं कार्बेन्डाझिम (50 टक्के) 10 लिटरला 10 ग्रॅम. काढणीनंतर जूनच्या आधी आतल्या वाळक्या काड्या, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढा, झाडाखालचा पाला गोळा करा. बुरशी वाळक्या काड्यांतच राहते. ही एक छाटणी दोन फवारण्यांइतकी किमतीची आहे, आणि फुकट.

गारपिटीचं वेगळं सांगायला हवं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारांनी जे केलं ते अजून कुणी विसरलेलं नाही. गारांनी साल फाटते आणि प्रत्येक जखम हे बुरशीचं दार होतं. गारा पडल्यावर एक-दोन दिवसांत तुटलेल्या फांद्या स्वच्छ कापा, कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप, कृती पुढे आहे) लावा आणि झाडावर कार्बेन्डाझिम फवारा. फाटलेली, दणका बसलेली फळं झाडावर ठेवून उपयोग नाही. ती सडतात आणि शेजारच्या फळांना लावतात.

बोर्डो घरी करायचं असेल तर

परसातल्या झाडासाठी याहून स्वस्त आणि भरवशाचं औषध नाही. पण ते चुकीचं केलं तर पानं जाळतं, म्हणून नीट वाचा.

लागतं काय: मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी 10 लिटर, प्लॅस्टिकच्या तीन बादल्या. लोखंड, पत्रा चालत नाही. ढवळायला लाकडी काठी.

1. मोरचूद जुन्या फडक्यात बांधून 5 लिटर पाण्याच्या बादलीत वरच्या वर, पाण्याला टेकेल असा रात्रभर टांगून ठेवा. तळाशी टाकला तर विरघळायला फार वेळ लागतो. घाई असेल तर कुटून थोड्या गरम पाण्यात विरघळवा आणि मग 5 लिटर करा.

2. चुन्यावर थोडं थोडं पाणी शिंपडा. तो फुगतो, तापतो, उकळतो. चेहरा लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. थंड झाला की 5 लिटर पाण्यात कालवा आणि फडक्यातून गाळा.

3. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि एकानं सतत ढवळत राहा. किंवा दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता. उलटं, म्हणजे चुना मोरचुदात ओतू नका, मिश्रण फाटतं आणि तळाशी बसतं. जमलेलं मिश्रण आकाशी रंगाचं दिसतं.

4. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय. आणखी चुन्याचं गाळलेलं पाणी घाला, पुन्हा खिळा घासून बुडवा. खिळा स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं. बाजारातला चुना बरेचदा जुना, हवेनं विरलेला असतो. तो वजनाला 100 ग्रॅम असला तरी जोर कमी, म्हणून ही चाचणी टाळू नका.

हे झालं 1 टक्क्याचं फवारणीचं मिश्रण. त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही, आणि दुसऱ्या कुठल्या औषधात मिसळायचं नाही. फुलांवर मारायचं नाही.

खोडाला लावायची पेस्ट याच जिनसांची, फक्त पाणी कमी: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. वर्षातून दोनदा, मेअखेरीस पावसाच्या आधी आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस सरल्यावर, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत रंगाच्या ब्रशनं लावा.

खोड आणि फांद्या

फांदी शेंड्याकडून खाली वाळत आली, पानं तपकिरी होऊन तिथंच लटकत राहिली तर तो शेंडेमर. वाळक्या फांदीचा उभा छेद घ्या, आत तपकिरी पट्टा दिसेल. जिथं पट्टा संपतो तिथून आणखी तीन इंच खाली, हिरव्या लाकडात काप घ्या. अर्धवट कापलं तर महिन्यानं पुन्हा तेच. काप तिरका ठेवा म्हणजे पाणी साचत नाही, आणि लगेच पेस्ट लावा. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटनं पुसा. पावसात छाटू नका.

खोडातून डिंक येत असेल तर त्या जागची साल चाकूनं खरवडून निरोगी फिकट साल दिसेपर्यंत साफ करा, कचरा जाळा, पेस्ट लावा. डिंक मात्र लक्षण आहे. कारण खाली शोधावं लागतं: आळ्यात पाणी तुंबतंय का, कलमाचा सांधा मातीत गाडला गेलाय का (तो जमिनीपासून निदान वीतभर वर हवा), फरशी खोडाला भिडलीय का. परसात आणखी एक गोष्ट हमखास आढळते. न्हाणीघराचं साबणाचं पाणी थेट आंब्याच्या आळ्यात सोडलेलं असतं. साबणातला सोडियम काळ्या मातीला चोपण करतो, माती दगड होते, पाणी मुरत नाही आणि मुळं गुदमरतात. झाडाला पाणी मिळतंय म्हणून घरचे खूश, आणि झाड आतून मरत असतं. ते पाणी केळी-अळूकडे वळवा.

भोकातून भुसा पडतोय आणि फांदी अचानक वाळली, तर खोडकिडा. लवचिक तार भोकात घालून वळवत आतली अळी टोचून काढा. ती बोटाएवढी असू शकते. हाती लागली नाही तर पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून चिखलानं भोक लिंपा. आठवड्यानं नवा भुसा दिसला तर पुन्हा. यासाठी डायक्लोरव्हॉस वापरायचा सल्ला अजून दिला जातो, पण 2020 अखेरपासून त्यावर देशात बंदी आहे. जुनी बाटली कुणी काढून दिली तरी घेऊ नका.

सालीवर भुश्याचं जाळं दिसलं तर साल खाणारी अळी. जाळं झाडून काढा, खाली भोक असतंच, उपाय वरचाच. मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी. ती बहुतेक मेलेल्या सालीवर असते. नळ्या खरवडा, पेस्ट लावा, आळ्यात लाकडं, पाचट खोडाला चिकटून ठेवू नका.

पिठ्या ढेकणाची पिलं थंडीत जमिनीतून खोडावर चढतात. नोव्हेंबरअखेर खोडाला फूटभर रुंद जाड प्लॅस्टिक घट्ट बांधा, सालीच्या भेगा आधी मातीनं लिंपा, वर आणि खाली सुतळी आवळा, प्लॅस्टिकवर ग्रीसचा पट्टा. पिलं खालीच अडकतात. पट्टा बांधायला जानेवारी उजाडली तर ती वर पोचलेली असतात.

बांडगूळ हा रोग नाही पण झाड खातो. आंब्याच्या फांदीवर वेगळ्याच पानांचा हिरवागार झुपका दिसला, लाल-नारिंगी नळीसारखी फुलं आली, तर नुसता झुपका ओढून काढू नका, मुळं फांदीत उतरलेली असतात. सांध्याच्या खाली फूटभर फांदीसकट कापा, आणि फळं पिकायच्या आत कापा. पक्षी ती फळं खाऊन बिया शेजारच्या फांद्यांवर पुसतात.

रोग नसलेले रोग

कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या: लोहाची कमतरता. मराठवाड्यातल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. आळ्यात हिराकस (फेरस सल्फेट) टाकला तर तोही चुन्यात अडकतो, म्हणून पानांवर द्या. हिराकस 50 ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल 10 ग्रॅम, 10 लिटर पाण्यात, संध्याकाळी, दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन-तीनदा. आळ्यात दरवर्षी दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत घाला, फरक हळूहळू पण टिकाऊ पडतो. पानं बारीक आणि शेंड्याला गुच्छ झाले असतील तर जस्त कमी: झिंक सल्फेट 50 ग्रॅम आणि विरलेला चुना 25 ग्रॅम 10 लिटरला.

कडा जळण्यावर उपाय पाण्यातच आहे. पावसाळ्यात गच्चीचं पाणी आळ्यात सोडा, क्षार खाली धुतले जातात. उन्हाळ्यात आळ्यावर पाल्याचं आच्छादन ठेवा.

वाटाण्याएवढ्या कैऱ्या गळणं ही थोडीफार नैसर्गिक गळ. झाड जेवढं पोसू शकतं तेवढंच ठेवतं. लिंबाएवढ्या झाल्यावर गळत असतील तर पाणी तपासा. मोहोरासाठी पाणी तोडलेलं असतं, मग फळ धरल्यावर घाबरून एकदम आळं भरलं की गळ होते. पाणी थोडं, नियमित आणि खोडापासून दूर, फांद्यांच्या सावलीच्या कडेला द्या. शोषणारी मुळं तिथं असतात.

बोर

आधी एक धीर. एप्रिल-मेमध्ये बोरीची पानं पिवळी पडून गळतात, झाड बोडकं होतं. तिला काहीही झालेलं नाही. बोर उन्हाळ्यात झोपते. छाटणीची वेळही हीच, एप्रिलअखेर ते मे. फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून दरवर्षी छाटावंच लागतं. कलमाच्या सांध्याखालून फुटलेली काटेरी गावठी फूट दिसेल तेव्हा काढा, नाहीतर दोन वर्षांत उमराणच्या (कलमी बोराची जात) जागी बारीक आंबट बोरं लागतात आणि रोपवाटिकेला शिव्या पडतात.

बोरीचा मुख्य रोग भुरीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोवळ्या फळांवर पांढरी भुकटी, मग फळ तपकिरी, खरबरीत, तडकलेलं, वेडंवाकडं. एकदा फळ खरबरीत झालं की औषधानं ते गुळगुळीत होत नाही. फुलं लागताना गंधक 10 लिटरला 25 ग्रॅम, फळं वाटाण्याएवढी झाल्यावर हेक्झाकोनॅझोल, त्यानंतर 15 दिवसांनी दिसेल तसं. उमराण भुरीला लवकर बळी पडते, तिच्या बाबतीत “आधी दिसू दे, मग बघू” चालत नाही. पानाच्या खाली काळी बुरशी जमून पानं गळत असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराइड 10 लिटरला 30 ग्रॅम.

संक्रांतीला बोर फोडलं की आत अळी, ही तक्रार फळमाशीची किंवा फळ पोखरणाऱ्या अळीची. फळमाशीचे कोष झाडाखालच्या मातीत असतात, म्हणून उन्हाळ्यात आळं वीतभर खोल खणून उन्हात तापू द्या. गळलेली बोरं रोज उचला आणि दोन फूट खोल पुरा. आंब्यातली फळमाशी मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात सापडते (कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्या की सावलीत, डोक्याच्या उंचीवर एक सापळा), पण बोरातली माशी वेगळी. त्या सापळ्यावर बोरीसाठी पैसे घालवू नका. आणि आंब्यातही त्यात फक्त नर येतात, म्हणून गळलेली फळं उचलणं चुकत नाही.

मोजमाप आणि फवारणी

घरच्या झाडांची औषधं बिघडतात ती अंदाजानं. “झाकणभर” हे माप नाही, प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं. मेडिकलमधून बिनसुईची 5 मिलीची सिरिंज आणि एक छोटा डिजिटल काटा आणा, दोन्ही औषधासाठीच ठेवा, स्वयंपाकघरात परत नेऊ नका. 10 लिटरला 3 मिली म्हणजे 2 लिटरच्या हातपंपाला 0.6 मिली, हे झाकणानं मोजता येत नाही. दहा फुटी झाडाला साधारण 5 ते 7 लिटर द्रावण लागतं, वीस फुटीला त्याच्या दुप्पट किंवा जास्त. मोठ्या झाडासाठी पाठीवरचा बॅटरीपंप भाड्यानं घ्या. तणनाशकाला वापरलेला पंप असेल तर मात्र नको, उरलेल्या थेंबांनी मोहोर जातो.

डब्यावरचा त्रिकोण पाहून घ्या. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. परसात मुलं, कोंबड्या, पाण्याची टाकी असते, तिथं लाल त्रिकोण आणायचाच नाही. इमिडाक्लोप्रिड पिवळ्यात येतं, म्हणून ते शेवटचं हत्यार म्हटलं. फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना, पूर्ण बाह्या, मास्क, हातमोजे घालून. हौद आणि टाकी आधी झाका, वाळत घातलेले कपडे काढा, शेजाऱ्यांना सांगा. पानांच्या खालची बाजू भिजली पाहिजे. थेंब ओघळायला लागले की थांबा. चार तासांच्या आत पाऊस झाला तर फवारणी वाया गेली असं समजा. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर लिहिलेलं असतं. कैऱ्या घरीच खायच्या आहेत, तेव्हा तो आकडा मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.

निदान जमलं नाही तर रोगट आणि निरोगी, दोन्ही पानं असलेली डहाळी कागदात गुंडाळून (प्लॅस्टिकमध्ये नको, सडते) जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात न्या. फोनवर विचारायचं तर किसान कॉल सेंटर, 1800-180-1551, मराठीत बोलतात. फोन लावताना झाडाचं वय, पाणी कुठलं, शेवटची फवारणी कसली आणि कधी, हे समोर लिहून ठेवा. पहिले प्रश्न तेच येतात.